उन्हाळ्यातली बाग आणि मैत्रिणीसोबतची लांब सायकल ट्रिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा आला की मला दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात, एक कुंड्यांचे आणि दुसरे सायकलचे. कारण गेली काही वर्षं मी आणि माझी मैत्रीण ऐन उन्हाळ्यातच दहा-बारा दिवस सायकलवर जातो, सुट्टी तेव्हाच मिळते, आणि बागेलाही आपली सगळ्यात जास्त गरज नेमकी तेव्हाच असते. त्यामुळे दोन्हीची तयारी एकत्रच करावी लागते. जे प्रश्न परत परत येतात ते सगळे इथे घेतलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. ताई, उन्हाळ्यात झाडांना दिवसातून किती वेळा पाणी घालायचं?

घड्याळ बघून नाही, माती बघून घालायचं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा, आत ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर घाला. आणि घालायचं तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला, उगाच रोज वरवर शिंपडू नका, कारण वरवरच्या पाण्याने मुळं वरच पसरतात आणि उन्हात तीच माती सगळ्यात आधी तापते. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. सकाळी जमत नसेल तर सूर्य कलल्यावर, पण तेव्हा पानं भिजवू नका, रात्रभर ओली राहिली की बुरशी धरते. मोठ्या कुंडीला बहुतेक वेळा एकदाच पुरतं, सहा इंची कुंडीला कडक उन्हात दोनदा लागू शकतं.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्या कुंडीत एक फसवणूक होते. ते एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही, पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं भरपूर झालं. अशी कुंडी टबात अर्धा तास ठेवून खालून भिजवायची.

२. दुपारी पानं माना टाकतात, लगेच पाणी घालू का?

नको, थांबा. दुपारी पानांतून जितकं पाणी उडतं तितक्या वेगाने मुळं ते ओढू शकत नाहीत, म्हणून पानं लोंबतात. माती ओली असताना पण हे होतं. भोपळा, काकडी, वांगं यांची पानं मोठी, ती तर हमखास. संध्याकाळी परत बघा, बहुतेक उभी राहिलेली असतात. सकाळी उठल्यावर पण मान खालीच असेल आणि माती कोरडी असेल तर मात्र झाड खरंच तहानलेलं आहे. आणि माती चिखल असून सकाळी पण मान खाली असेल तर मुळं कुजतायत, तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे झाड मारणं. नुकतंच लावलेलं रोप हा अपवाद, त्याला दुपारी पण सावली द्या आणि माती सुकली असेल तर थोडं पाणी घाला.

३. मातीची कुंडी चांगली की प्लास्टिकची?

मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, त्यामुळे मुळं गार राहतात पण कुंडी लवकर सुकते. प्लास्टिकची ओल धरून ठेवते पण काळी असेल तर उन्हात हात लावता येत नाही इतकी तापते. घरी असाल तेव्हा मातीची छान, बाहेर जाणार असाल तर प्लास्टिक सोयीचं. मी काय करते, छोट्या मातीच्या कुंड्या मोठ्या टबात एकमेकींना खेटून ठेवते आणि मधल्या फटीत ओला पालापाचोळा भरते. काळ्या कुंड्या आतल्या बाजूला, कडेला फिकट रंगाच्या. नुसत्या खेटून ठेवल्या तरी बाजूचं ऊन लागत नाही आणि फरक पडतो.

४. मल्चिंगला नक्की काय घालायचं आणि किती?

मल्चिंग म्हणजे माती झाकायला तिच्यावर दिलेला थर. सुका पाला, गवताच्या काड्या, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते, फक्त सुकं पाहिजे. वाफ्यात पाच ते आठ सेंटिमीटर थर, कुंडीत तीन-चार पण चालेल. आधी माती नीट भिजवायची, मग थर, कोरड्या मातीवर थर दिला तर वरून घातलेलं थोडं पाणी पाल्यातच अडकतं. खोडापासून दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड सतत ओलं राहून कुजतं. ताजं हिरवं गवत जाड थराने घालू नका, ते चिकटून बसतं आणि आत गरम होतं.

सगळ्यांना वाटतं मल्चिंग म्हणजे दिसायला चांगलं म्हणून करतात. पण एकदा दुपारी पाला बाजूला सारून हाताने माती बघा, शेजारची उघडी माती चटका देते आणि पाल्याखालची गार लागते. तो स्पर्श एकदा कळला की मग कोणी सांगावं लागत नाही.

५. शेडनेट किती टक्क्यांची घ्यायची?

टक्के म्हणजे ही सावलीची जाळी किती ऊन अडवते ते. पालेभाज्या आणि रोपांना ५० टक्के. भेंडी, मिरची, टोमॅटो अशा फळभाज्यांना ३५ टक्के पुरते, त्याहून दाट लावली तर झाडं उंच आणि लुकडी होतात आणि फुलं कमी येतात. ७५ टक्क्यांची फक्त नेचे आणि सावलीतल्या शोभेच्या झाडांना. नेट झाडाच्या डोक्याला टेकू देऊ नका, दोन-तीन फूट वर बांधा, हवा खेळली पाहिजे. एकच बाजू झाकता येत असेल तर पश्चिमेची झाका.

६. टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात, खत कमी पडतंय का?

खत नाही, उष्णता. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री पण २४-२५ च्या खाली उतरत नसेल तर परागकण निकामी होतात आणि फूल देठापासून गळतं. जास्त नायट्रोजन दिलं तर उलट नुसती पानं वाढतात. सावली करा, पाणी नियमित ठेवा आणि वाट बघा, रात्री गार व्हायला लागल्या की फळ धरतं.

दुसरा प्रश्न असतो फळाच्या बुडाशी काळा डाग पडतो त्याचा. तिथे कॅल्शिअम पोचलेलं नसतं, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शिअम असतंच, पाणी कधी खूप कधी नाही असं झालं की ते फळापर्यंत जात नाही. म्हणून ट्रिपवरून आल्यावर असे डाग दिसले तर औषध शोधू नका, तुम्ही नसताना पाण्यात खंड पडला होता एवढाच त्याचा अर्थ.

७. दहा-बारा दिवस घराबाहेर असताना पाणी कोण घालणार?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं, किती पाणी लागतं ते मोजा. अंदाज नको. कुंडी भरपूर भिजवा, निथळू द्या, काट्यावर वजन करा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत वजन करा. जितकं कमी झालं तितकं पाणी गेलं, एक किलो म्हणजे एक लिटर. समजा रोज अर्धा लिटर जातं, तर बारा दिवसांचे सहा लिटर, आणि वर निम्मं जास्तीचं धरून नऊ. सावलीत हलवल्यावर परत मोजा, माझ्याकडे मोगऱ्याची कुंडी उन्हातून भिंतीच्या सावलीत आणल्यावर खर्च जवळपास अर्ध्यावर आला होता.

दुसरं, पाणी पोचवायचं कसं. माझा भरवसा वातीवर आहे. मध्ये झाकणाची बादली, भोवती कुंड्या, आणि बादलीतून प्रत्येक कुंडीत जाड सुती दोरी, एक टोक बादलीच्या तळाला टेकलेलं, दगड बांधून, दुसरं मातीत चार-पाच इंच खोल पुरलेलं. बादली कुंडीच्या मातीच्या पातळीला किंवा किंचित वर ठेवा. फार खाली असेल तर पाणी चढत नाही, फार वर असेल तर वात नळीसारखी वाहायला लागते आणि दोन दिवसांत बादली रिकामी. दोरी लावायच्या आधी पूर्ण भिजवून घ्या. पहिल्या वर्षी मी घरात होती ती चकचकीत नायलॉनची दोरी लावली, ती पाणीच ओढत नव्हती, आणि मी तपासून न बघता निघून गेले. परत आले तेव्हा बादली काठोकाठ भरलेली होती आणि तिच्याभोवतीच्या सगळ्या मिरच्या वाळून काटक्या झाल्या होत्या. ते दृश्य मी विसरू शकत नाही, म्हणून आता प्रत्येकाला सांगते की दोरी कोरड्या मातीत लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी माती ओली झाली का ते हात लावून बघा.

बादलीला झाकण हवंच. नुसतं पाणी उडून जाईल म्हणून नाही, उकाड्यात डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे बरोबर तुमच्या ट्रिपएवढे.

वाफ्यासाठी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, रंग किंवा चकाकी नसलेलं, भरून वर झाकणी. माती कोरडी झाली की ती मडक्यातून पाणी ओढते आणि ओली असली की ओढत नाही. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ही पद्धत लिहून ठेवलेली आहे. मोठ्या मडक्याला पण तीन-चार दिवसांनी परत भरावं लागतं, म्हणून माणूस लागतोच.

आणि माणूस मिळाला तर सगळ्यात उत्तम. आमच्या शेजारच्या काकू दर तीन दिवसांनी येतात. त्यांना मी "बागेला पाणी घाला" असं सांगत नाही, कुंड्यांवर पट्टी चिकटवते, एक तांब्या, दोन तांबे, घालू नका. प्रेमाने घातलेल्या जास्तीच्या पाण्याने पण झाडं जातात. टायमरचं ठिबक असेल तर नवीन सेल टाका आणि प्रत्येक जोड हाताने ओढून बघा, एक नळी निसटली तरी सगळं पाणी तिथूनच जातं.

८. बाटली उलटी खोचून ठेवली तर नाही का चालत?

दोन-तीन दिवसांसाठी चालते, दहासाठी नाही. भोक मोठं असेल तर तासाभरात रिकामी, बारीक असेल तर मातीने बुजते. मी तर फक्त शनिवार-रविवार बाहेर असले तरच लावते.

९. आम्ही गेल्यावर अवकाळी पाऊस आला तर वातीमुळे जास्त पाणी होईल का?

वातीमुळे नाही होत, बादली बरोबर उंचीवर असेल तर माती ओली असताना वात फारसं देत नाही. त्रास होतो तो कुंडीखालच्या ताटल्यांमुळे, त्यात पाणी साचून मुळं त्यातच बसतात. निघताना ताटल्या काढून टाका.

१०. ट्रिपच्या आधी बिया लावू का? म्हणजे आल्यावर रोपं तयार असतील.

नका लावू. उगवणारं बी आणि दोन पानांचं रोप यांना रोज लक्ष लागतं, एक दिवस माती सुकली तरी ती गेली. निघायच्या निदान चार-पाच आठवडे आधी लावा नाहीतर आल्यावर. भेंडी, गवार, चवळी एकदा मुळं खोल गेली की उकाडा छान सोसतात. आणि सावलीत वाढवलेलं रोप एकदम उन्हात ठेवू नका, पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, असं आठ-दहा दिवसांत सवयीचं करा. (तुमच्या अंगाला पण उन्हाची सवय व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात, १६ बघा.)

११. निघायच्या आदल्या दिवशी बागेत काय काय करायचं?

आदल्या दिवशी थोडंच, बाकी सगळं आधी झालेलं पाहिजे. तयार आणि अर्धवट तयार सगळी फळं तोडा, भेंडी-काकडी झाडावरच जून झाली की झाड बी पिकवायला लागतं आणि नवीन फुलं कमी करतं. फुलझाडांची उमललेली फुलं काढा. खत अजिबात नको, कोवळी फूट येते आणि तिला जास्त पाणी लागतं. जोरात छाटणी पण नको, सुकलेलं तेवढंच काढा. पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा, कारण कोरड्या उकाड्यात लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) फार वेगाने वाढतो आणि तो पानाखालीच बसतो. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दिसला तर ती कुंडी वेगळी ठेवा, इतरांना खेटून ठेवलीत तर आल्यावर सगळ्यांवर असेल. कंपोस्टचा डबा असेल तर वरून सुका पाला जाड घाला आणि झाका, दहा दिवसांत त्याला काही होत नाही.

१२. मी आजपर्यंत २० किलोमीटरच्या वर सायकल चालवलेली नाही, जमेल का?

जमेल, पण सहा ते आठ आठवडे द्या. आठवड्यातून तीन दिवस छोट्या फेऱ्या, एक दिवस लांब, आणि लांब फेरी दर आठवड्याला थोडीच वाढवा. सामान लादलेल्या सायकलवर नवख्या माणसाने दिवसाला ५०-६० किलोमीटर धरावेत, थांबे सोडून ताशी १२ ते १५ चा वेग पडतो, चढ असेल तर त्याहून कमी. खरी परीक्षा अंतराची नसते, दुसऱ्या दिवशी सकाळी परत सीटवर बसायची असते. म्हणून एकदा तरी सलग दोन-तीन दिवस पूर्ण सामान घेऊन चालवून बघा, मैत्रिणीला घेऊनच.

आणि माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथे आहे. ही सरावाची फेरी आणि बागेची परीक्षा एकाच वेळी घ्या. वाती लावा, बादली भरा, काकूंना सांगा, आणि तीन दिवस खरंच जा. परत आल्यावर कळतं की कुठली कुंडी कोरडी पडली आणि कुठलं बूड दुखलं, आणि दोन्ही दुरुस्त करायला अजून वेळ असतो. आमची नायलॉनच्या दोरीची चूक अशा तीन दिवसांत सहज पकडली गेली असती.

थॉमस अ‍ॅलन आणि विल्यम सॅक्टलबेन हे दोन अमेरिकन कॉलेजमित्र १८९० मध्ये शिक्षण संपवून लगेच निघाले आणि १८९३ पर्यंत सायकलवर आशिया पार करून आले. तेव्हा बऱ्याच ठिकाणी धड रस्ते पण नव्हते. मला दर वर्षी निघताना त्यांची आठवण येते.

१३. साधी सायकल चालते का, गिअरचीच घ्यावी लागते?

सपाट रस्ता असेल तर साधी पण चालते. चढ असतील आणि दहा-बारा किलो सामान असेल तर हलके गिअर पाहिजेत, गुडघ्यांसाठी पाहिजेत. पेडल मिनिटाला ७० ते ९० फेरे फिरेल असा गिअर ठेवायचा, रेटून रेटून मारायचं नाही. टायर ३२ मिलिमीटर किंवा जास्त जाड, मागे पक्कं कॅरिअर. नवी महागडी सायकल ट्रिपच्या आठवड्यात घेऊ नका, जुनी ओळखीची बरी.

निघण्यापूर्वी चेन मोजा, हे कोणी करत नाही. एका पिनच्या मध्यापासून पट्टी धरा, १२ इंचांवर परत बरोबर पिनचा मध्य आला पाहिजे. सोळांश इंचाने पुढे गेला असेल तर चेन बदला, अष्टमांश गेला असेल तर मागच्या चक्रीचे दाते पण खाल्लेले असतात आणि नवी चेन त्यावर घसरते. तेल घालताना आधी पुसा, मग प्रत्येक कडीवर थेंब, मग परत वरचं पुसून टाका, वर राहिलेलं तेल नुसती धूळ गोळा करतं.

१४. गुडघे दुखतात, हाताला मुंग्या येतात, सवय नाही म्हणून का?

सवयीपेक्षा सीटची उंची बघा. टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली, पाय सरळ झाला पाहिजे, मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. करंगळीला मुंग्या येतात त्या तळव्याच्या कडेची नस दाबली गेल्यामुळे, हाताची जागा दर थोड्या वेळाने बदला, कोपर सैल ठेवा, सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर सरळ करा, कारण झुकल्यावर सगळं वजन हातावर येतं. पॅडची चड्डी घालत असाल तर तिच्या आत दुसरं काही घालू नका आणि रोज धुवा. दोन दिवस विश्रांती घेऊन पण दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

१५. आम्हा दोघींच्या सायकली वेगळ्या आहेत, ट्यूब एकमेकींना चालेल का?

टायरच्या कडेवरचा दुसरा आकडा बघा, म्हणजे ३७-६२२ असं लिहिलेलं असतं त्यातला ६२२. तेच खरं माप. ७००सी आणि २९ इंची दोन्ही ६२२ च, २७.५ म्हणजे ५८४, २६ इंची माउंटन बाइक ५५९, आणि जुन्या उंच सायकलींचं २८ गुणिले दीड म्हणजे ६३५. टायर मापाचाच लागतो. ट्यूब रबराची, ६२२ ची ट्यूब अडचणीत ६३५ मध्ये ओढून बसते, पण ५५९ ची घालायच्या भानगडीत पडू नका. मग व्हॉल्व. बारीक व्हॉल्वच्या रिमचं भोक साधारण ६ मिलिमीटरचं आणि जाड व्हॉल्वचं ८ चं, त्यामुळे जाड व्हॉल्व बारीक भोकात जातच नाही. पंपाला दोन्ही बसतात का ते घरीच हवा भरून बघा.

सामान वाटून घेताना मल्टिटूल, चेनची जोडकडी, पट्ट्या, औषधं ही दोघींत मिळून एकच, कोणा एकीकडे. पण ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पंप दोघींकडे वेगवेगळे, कारण पंक्चर नेमकं दोघींत दोन किलोमीटर अंतर पडलेलं असतानाच होतं. जड सामान कॅरिअरच्या दोन बाजूंना खाली, पाठीवर सॅक नको, उन्हात पाठ भिजून भाजून निघते.

१६. वाटेत किती पाणी प्यायचं?

तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. पण प्रत्येकीचा घाम वेगळा, म्हणून ७ मध्ये कुंडीचं केलं तेच स्वतःचं करा. सरावाच्या वेळी एक तास चालवायच्या आधी आणि नंतर घाम पुसून वजन करा, जितकं वजन कमी झालं त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा, एक किलो कमी म्हणजे एक लिटर घाम. माझा आणि मैत्रिणीचा आकडा जवळपास दुप्पट वेगळा निघाला, त्याआधी दोन वर्षं आम्ही सारख्याच बाटल्या नेत होतो आणि तिला दुपारी पोटऱ्यांत गोळे यायचे.

नुसतं साधं पाणी ढसाढसा पिणं पण धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळ सुरू होतो. जास्त घाम जाणाऱ्या दिवशी मीठ-साखरेचं पाणी ठेवा. घरचं प्रमाण एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमचा सपाटच, शिगोशीग नाही. रक्तदाब, मधुमेह, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उन्हाची सवय एक ते दोन आठवड्यांत होते, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तरी पहाटे उजेड झाल्यावर निघा, दहाच्या आसपास सावलीत जा, उरलेलं ऊन उतरल्यावर.

१७. ऊन लागलंय हे कसं ओळखायचं?

स्वतःचं स्वतःला कळत नाही, म्हणूनच मैत्रीण सोबत हवी. खूप घाम, थकवा, भोवळ, मळमळ असेल तर सावलीत आडवं व्हा, पाय वर, अंगावर पाणी, वर सांगितलेलं मीठ-साखरेचं पाणी, आणि त्या दिवशीची सायकल बंद. बोलणं असंबद्ध झालं, चिडचिड विचित्र वाटली, तोल गेला, शुद्ध हरपली किंवा अंगाचा ताप ४० अंशांच्या वर गेला तर तो उष्माघात, घाम येत असला तरी. लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका, मिळेल तितकं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला, जमलं तर पाण्यात बसवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आमचा एक शब्द ठरलेला आहे, दर अर्ध्या तासाने एकीने विचारायचं "पाणी?" आणि दुसरीने पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. उत्तर तुटक किंवा उशिरा आलं की आम्ही थांबतो.

१८. मैत्रीण माझ्यापेक्षा फार जोरात (किंवा फार हळू) चालवते, काय करू?

हळू चालवणारीने पुढे राहायचं. वेग तिचा. जी जोरात आहे तिने जास्त सामान घ्यायचं, आम्ही तंबू आणि हत्यारं तिच्या सायकलवर टाकतो आणि फरक आपोआप कमी होतो. मागची पुढच्या चाकाला चाक चिकटवून नको, ब्रेक लागला की दोघी पडता. समोरून वारा असेल तर मात्र पाळीपाळीने पुढे राहिलं की दमणं वाटलं जातं, अशा वेळी वेगवान मुलीने जरा जास्त वेळ पुढे राहावं. चढावर आपापल्या गतीने जा, वर थांबा. आणि प्रत्येक वळणावर मागची दिसेपर्यंत थांबायचं, फोनला रेंज असो वा नसो.

१९. आमचं ट्रिपमध्ये भांडण होतं, तुमचं होत नाही का?

होतं, आणि बहुतेक वेळा अकराच्या सुमारास, पोट रिकामं आणि ऊन डोक्यावर असताना. त्यामुळे आमचा नियम असा की आधी खायचं, मग बोलायचं. पैसे एका पाकिटात दोघींनी सारखे टाकायचे आणि सगळा खर्च त्यातून. आणि निघायच्या आधी एकमेकींना हे विचारून घ्या, एक जण आजारी पडली तर दुसरी पुढे जाणार का? आमचं उत्तर ठरलेलं आहे, दोघी परत. तुमचं वेगळं असेल, पण ते घरी ठरलेलं असू द्या.

२०. पंक्चर काढलं तरी थोड्या वेळाने परत हवा जाते.

काटा अजून टायरमध्येच आहे. ट्यूब बदलताना टायरच्या आतून हळूच बोटं फिरवा, फडक्याने फिरवलं तर आणखी बरं, धागा अडकतो आणि बोट कापत नाही. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर काटा नाही, हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली गेली आहे, हवा वाढवा, सामान मागे असतं म्हणून मागच्या चाकात थोडी जास्तच. आरा तुटला तर तो शेजारच्या आऱ्याला चिकटपट्टीने बांधा, चाक आऊट होऊन ब्रेकला घासत असेल तर ब्रेक जरा सैल करा, आणि सावकाश जवळच्या दुकानापर्यंत.

२१. परत आलो तर एक झाड पूर्ण वाळलेलं दिसतंय, उपटून टाकू का?

लगेच नका. नखाने खोडाची साल जराशी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. वरून सुरुवात करून खाली खाली खरवडत या, जिथून हिरवं लागलं तिथून वरचं कापा. कुंडी टबात ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत, मग निथळून सावलीत. खत नको, ऊन नको, रोज पाणी पण नको, १ मध्ये सांगितलं तसं बोट घालून बघा. भाजीची कोवळी झाडं बहुतेक परत येत नाहीत, त्यांचं सुकं खोड मल्चिंगला वापरा. पण मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांना किमान तीन-चार आठवडे द्या. नायलॉनच्या दोरीच्या त्या वर्षी माझा कढीपत्ता पण एक पान न उरता नुसती काठी झाला होता, नख लावलं तर अगदी बुडाशी दोन बोटं हिरवं होतं. तेविसाव्या दिवशी सकाळी तिथे मोहरीएवढा लालसर कोंब दिसला. ते झाड आता माझ्या खांद्याला लागतं.